बैरूतचे आठ फोन

या विकांताचा विषय जरा जड आहे. पण संगणकावर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना जवळचा वाटावा असा एक धागा त्यात आहे, म्हणून लिहायला घेतला.

१४ फेब्रुवारी २००५, सोमवार. लेबनॉनची राजधानी बैरूत. माजी पंतप्रधान रफिक हरीरी संसदेकडून घरी निघाले होते. समुद्रकाठच्या रस्त्यावर, सेंट जॉर्ज हॉटेलपाशी त्यांचा ताफा आला आणि दुपारी १२ वाजून ५५ मिनिटांनी तिथं उभ्या असलेल्या मित्सुबिशी व्हॅनचा स्फोट झाला. ताकद अडीच ते तीन हजार किलो टीएनटीइतकी. हरीरींसह २२ माणसं गेली, २२६ जखमी झाली.

आता दोन मिनिटं मागे चला. १२ वाजून ५३ मिनिटांनी त्याच परिसरात काही मोबाइल फोनवर शेवटचं बोलणं झालं. हे फोन आठ जणांच्या एका गटातले होते. ४ जानेवारीला सुरू झालेले, फक्त एकमेकांशी बोलणारे. १४ फेब्रुवारीनंतर त्यातला एकही फोन पुन्हा कधी वाजला नाही.

हे ज्यानं शोधून काढलं त्याचं नाव विसाम ईद. लेबनॉनच्या पोलिस दलातला अधिकारी, शिक्षणानं संगणक अभियंता. २५ जानेवारी २००८ ला त्यालाही बाँबनं उडवलं. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालय बसलं, नावं निघाली, जन्मठेपा सुनावल्या गेल्या. पण ज्यांना दोषी ठरवलं त्यातला एकही माणूस त्या शिक्षेखाली एक दिवसही तुरुंगात बसला नाही. आणि जे चार जण जवळजवळ चार वर्षं आत बसले, त्यांच्यावर साधं आरोपपत्रही दाखल झालं नाही! हे असं कसं झालं, ते समजून घ्यायचं तर आधी लेबनॉन नावाच्या यंत्राची रचना बघावी लागते.

१९३२ चा आकडा

लेबनॉन आकारानं १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. त्यात सरकारी यादीतले अठरा पंथ. मॅरोनाइट ख्रिश्चन, सुन्नी, शिया, द्रूझ हे त्यातले मोठे. फ्रेंचांच्या अमलाखाली १९३२ मध्ये तिथं जनगणना झाली, त्यात ख्रिश्चन निम्म्याहून किंचित जास्त भरले. १९४३ मध्ये स्वातंत्र्य मिळताना पुढाऱ्यांनी आपसात तोंडी करार केला: राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया. संसदेतल्या जागा ख्रिश्चन आणि मुस्लिम यांच्यात सहास पाच या प्रमाणात. त्यानंतर लेबनॉनमध्ये जनगणना झालेलीच नाही, कारण माणसं मोजली की वाटण्या बदलणार. आपल्या भाषेत बोलायचं तर १९३२ चा आकडा प्रोग्रॅममध्ये हार्डकोड करून ठेवला आणि मग सोर्स फाइलला हात लावायची बंदी घातली. यादवी युद्ध मिटवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारानं सहास पाचचं प्रमाण निम्मंनिम्मं केलं आणि राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कमी केले, पण कुठली खुर्ची कुठल्या पंथाची हे तसंच राहिलं.

या रचनेचे दोन परिणाम झाले. पहिला म्हणजे पुढारी हा नुसता पुढारी उरला नाही, तो त्याच्या पंथाचा वाटा झाला. जुम्बलात म्हणजे द्रूझ, जमायेल म्हणजे मॅरोनाइट, हरीरी म्हणजे सुन्नी. बाकी ठिकाणी पुढारी गेला तर पक्ष दुसरा पुढे करतो. इथं पुढारी गेला की पंथाची आख्खी बाजू लंगडी पडते, आणि मग त्याचा मुलगा किंवा भाऊ येईपर्यंत सगळं अधांतरी.

दुसरा परिणाम म्हणजे एकट्याच्या बळावर बहुमत कुणाचंच नाही. त्यामुळे प्रत्येकाला बाहेरचा पाठीराखा लागतो. मॅरोनाइटांना फ्रान्स, सुन्नींना आधी नासरचा इजिप्त आणि मग सौदी अरेबिया, १९७९ नंतर शियांना इराण. सीरिया शेजारी असल्यानं तो सगळ्यांचा कधी ना कधी मित्र आणि सगळ्यांचा कधी ना कधी शत्रू. परकीय हात असा भिंत फोडून आत येत नाही. त्याला आतून कुणीतरी दार उघडून दिलेलं असतं.

हे दोन परिणाम एकत्र केले की एक भयानक हिशेब तयार होतो. या देशाचं राजकारण वळवायला आख्खं सैन्य पाठवायची गरज नाही. योग्य माणूस निवडला तर एक बाँब पुरतो.

हरीरींच्या आधी

१९७५ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, ते पंधरा वर्षं चाललं. १९७६ मध्ये सीरियाचं सैन्य लेबनॉनमध्ये शिरलं. द्रूझांचे नेते कमाल जुम्बलात यांनी त्याला कडाडून विरोध केला. १६ मार्च १९७७ रोजी शूफच्या डोंगराळ भागात त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला आणि ते मारले गेले. जागा सीरियन सैन्याच्या नाक्याजवळची होती. संशय सीरियावरच होता, पण चिडलेल्या द्रूझांनी त्याच दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतले ख्रिश्चन कापले. मुलगा वलीद याच्या खांद्यावर द्रूझांची जबाबदारी आली आणि चाळीस दिवसांचा दुखवटा संपल्यावर तो दमास्कसला जाऊन हाफिज अल असद यांना भेटला. बापाच्या खुनामागे कोण आहे याचा अंदाज असूनही भेटला, कारण पंथ वाचवायचा तर दुसरा रस्ता नव्हता.

दुसरं उदाहरण बशीर जमायेल यांचं. मॅरोनाइटांचा तरुण नेता, वय ३४. इस्रायलशी दोस्ती. १९८२ मध्ये इस्रायली सैन्य बैरूतपर्यंत आलेलं असताना २३ ऑगस्टला संसदेनं त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. १४ सप्टेंबरला, शपथ घेण्याआधीच, पक्षाच्या कचेरीत झालेल्या स्फोटात ते गेले. बाँब ठेवणारा हबीब शर्तूनी हा सीरियाकडे झुकलेल्या एका पक्षाचा सदस्य होता आणि स्वतः मॅरोनाइट ख्रिश्चनच होता! दोनच दिवसांनी जमायेल यांच्या माणसांनी साब्रा आणि शतीलाच्या वस्त्यांमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली. बाहेर पहारा इस्रायली सैन्याचा. शर्तूनी पकडला गेला, खटल्याविना आठ वर्षं तुरुंगात होता, आणि १९९० मध्ये सीरियन फौजा त्या भागात घुसल्या तेव्हा सुटला. त्याला शिक्षा सुनावली गेली ती २०१७ मध्ये, तीही त्याच्या गैरहजेरीत.

तिसरे रेने मुअव्वाद. ताइफ करारानंतर ५ नोव्हेंबर १९८९ ला राष्ट्राध्यक्ष झाले आणि सतराव्या दिवशी बाँबस्फोटात मारले गेले. त्या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

‘धर्मामुळे एकमेकांना मारतात हो हे लोक’ असं म्हणून आपण अनेकदा मोकळे होतो, म्हणून ही उदाहरणं दिली. मारणारा आणि मरणारा एकाच पंथाचे असू शकतात, आणि सूड मात्र तिसऱ्याच गरिबांवर उगवला जातो. नेमका प्रश्न असतो तो बाहेरच्या कुठल्या सत्तेनं ठरवायचं हा. धर्म तिथं पत्त्यासारखा आहे, कुठल्या दारावर बाँब ठेवला की कुणाला निरोप पोहोचेल ते सांगणारा.

१९९१ मध्ये संसदेनं युद्धातल्या बहुतेक गुन्ह्यांना सरसकट माफी दिली. कालचे टोळीप्रमुख मंत्री झाले.

कंत्राटदार पंतप्रधान

हरीरी मात्र टोळीवाले नव्हते. सैदा गावातल्या साध्या सुन्नी कुटुंबातला हा मुलगा १९६५ च्या सुमारास सौदीला गेला, बांधकामाच्या कंत्राटांत गडगंज झाला, सौदी राजघराण्याच्या मर्जीत बसला, तिथलं नागरिकत्वही मिळालं. १९९२ मध्ये ते लेबनॉनचे पंतप्रधान झाले आणि युद्धात भुईसपाट झालेलं मध्य बैरूत सोलिदेर नावाच्या कंपनीमार्फत पुन्हा उभं करायला घेतलं. चकाचक इमारती उभ्या राहिल्या, सरकारवर कर्जाचा डोंगरही उभा राहिला. जुन्या मालकांना कंपनीचे शेअर देऊन बाहेर काढलं म्हणून शिव्याही खाल्ल्या. म्हणजे संत वगैरे अजिबात नव्हेत. आणि परकीय पैशावर मोठे झालेले तेही होतेच, फक्त पैसा सौदीचा.

हे सगळं सीरियाच्या संमतीनं चाललं होतं. सीरियन सैन्य १९९० नंतरही परत गेलं नव्हतं आणि बैरूतमधले महत्त्वाचे निर्णय दमास्कसला विचारल्याशिवाय होत नसत. २००४ मध्ये खटका उडाला. राष्ट्राध्यक्ष एमिल लहूद यांची मुदत संपत होती. ते सीरियाचे विश्वासू. घटना बदलून त्यांना आणखी तीन वर्षं द्यावीत असा बशर अल असद यांचा आग्रह. हरीरींचा विरोध. २६ ऑगस्टला असद यांनी त्यांना दमास्कसला बोलावलं. भेट काही मिनिटांत आटोपली आणि तिथं आपल्याला धमकावलं गेलं असं हरीरींनी नंतर जवळच्या माणसांना सांगितलं. सीरियानं हे कायम नाकारलं. २ सप्टेंबरला अमेरिका आणि फ्रान्सच्या पुढाकारानं सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक १५५९ मंजूर केला: परकीय सैन्यानं लेबनॉन सोडावं, सशस्त्र टोळ्या मोडाव्यात. दुसऱ्याच दिवशी लेबनॉनच्या संसदेनं लहूद यांना मुदतवाढ दिली, ९६ विरुद्ध २९. हरीरींच्या गटानंसुद्धा बाजूनं मत दिलं! ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि निवडणुकीच्या तयारीला लागले. पुढे फेब्रुवारीत काय झालं ते सुरुवातीला आलंच आहे.

खुनाचा पहिला परिणाम उलटाच झाला. १४ मार्चला बैरूतच्या चौकात लाखो लोक जमले, त्यात ख्रिश्चन, सुन्नी, द्रूझ सगळे होते. (त्याआधी ८ मार्चला हिजबुल्लानं सीरियाचे आभार मानायला तेवढाच दांडगा मोर्चा काढला होता, हेही विसरू नये.) २६ एप्रिल २००५ ला सीरियाचं शेवटचं सैन्य परत गेलं. २९ वर्षांनी. पण खून काही थांबले नाहीत. पत्रकार समीर कसीर, कम्युनिस्ट नेते जॉर्ज हावी, संपादक जुब्रान तुएनी, मंत्री पिएर जमायेल... सीरियाविरोधी माणसं एकामागून एक मारली जात राहिली.

एक्सेलवाला

आता येऊ विसाम ईदकडे. संयुक्त राष्ट्रांचं तपास पथक बैरूतमध्ये आलं, मोठमोठे अहवाल निघाले. सुरक्षा खात्यांशी संबंधित चार लेबनीज जनरलना अटक झाली. ईद मात्र फोनच्या नोंदी घेऊन बसला होता.

या नोंदींत बोलणं नसतं. कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, किती वाजता, किती सेकंद आणि कुठल्या टॉवरवरून, एवढंच. लाखो ओळी. ईदनं आधी स्फोटाच्या जागेजवळच्या टॉवरवरचे नंबर घेतले, मग एकेक गाळत गेला. उरले ते हे एकमेकांशीच बोलणारे फोन, म्हणजे सुरुवातीचा आठांचा गट. तपासात पुढे याला ‘लाल जाळं’ असं नाव पडलं. त्यामागून दुसरी जाळी सापडली. निळं, हिरवं, अशी रंगांचीच नावं.

पण खोट्या कागदपत्रांवर घेतलेल्या प्रीपेड कार्डावरून माणूस कसा शोधायचा? इथं ईदची खरी युक्ती. गुप्त फोन वापरणाऱ्याच्या दुसऱ्या खिशात त्याचा नेहमीचा फोन असतोच. दोन्ही फोन दिवसभर एकाच वाटेनं एकाच टॉवरवरून दुसऱ्यावर जातात. म्हणजे टॉवर आणि वेळ या दोन रकान्यांवर जॉइन मारा, आठवड्यामागून आठवडे जे दोन नंबर सोबत फिरताना दिसतात ते बहुधा एकाच माणसाचे. नेहमीच्या फोनवरून माणसानं घरी, डॉक्टरला, मित्राला फोन केलेले असतात. तिथून नाव.

आज हे कुठलाही डेटा अ‍ॅनालिस्ट करेल. ईदनं हे एक्सेलवर केलं. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं २०१० मध्ये दाखवलेल्या शोधवृत्तानुसार त्याचा अहवाल २००६ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या पथकाकडे गेला होता आणि जवळजवळ दोन वर्षं तो तसाच पडून राहिला. मग तज्ज्ञांनी तो वाचला, थक्क झाले, जानेवारी २००८ मध्ये त्याला भेटले. त्या पहिल्या भेटीनंतर आठच दिवसांनी तो गेला. सोबत त्याचा अंगरक्षक आणि रस्त्यावरची काही माणसं. त्याच्यावर हल्ला व्हायची ही पहिली वेळ नव्हती, २००६ मध्ये त्याच्या घरावर बाँब फेकला गेला होता. त्याच्या वरिष्ठावरही २००६ मध्येच हल्ला झाला, तो वाचला आणि देश सोडून गेला. ईद काम करत राहिला.

मे २००८ मध्ये सरकारनं हिजबुल्लाचं खासगी टेलिफोन जाळं बंद करायचं ठरवलं, तेव्हा हिजबुल्लाच्या बंदूकधाऱ्यांनी पश्चिम बैरूत ताब्यात घेतलं आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे आधीच्या जानेवारीत हा पठ्ठ्या कुठल्या तारेला हात लावून बसला होता याची कल्पना करा.

निकाल

हरीरी खटल्यासाठी खास न्यायालय नेदरलँड्समध्ये, हेगजवळ, २००९ मध्ये सुरू झालं. निम्म्याला थोडा कमी, ४९ टक्के खर्च लेबनॉनचा. सुरू होताच त्या चार जनरलना पुराव्याअभावी सोडून दिलं. आरोपी म्हणून नावं आली ती हिजबुल्लाशी संबंधित पाच जणांची. हसन नसरल्ला यांनी हे सगळं अमेरिका-इस्रायलचं कारस्थान आहे असं सांगितलं आणि या माणसांना तीनशे वर्षांतही कुणी पकडू शकणार नाही असं बजावलं. आरोपींतला सगळ्यात वरचा, मुस्तफा बद्रेद्दीन, २०१६ मध्ये सीरियात मारला गेला, म्हणून त्याच्यावरचा खटला बंद झाला.

निकाल १८ ऑगस्ट २०२० ला लागला. खरं तर तो ७ ऑगस्टला होता, पण ४ तारखेला बैरूत बंदरातल्या गोदामाचा स्फोट झाला आणि निकाल पुढे गेला. अडीच हजारांहून जास्त पानं. सलीम अय्याश दोषी, बाकी तिघे सुटले. २०२२ मध्ये अपिलात त्या तिघांपैकी दोघे दोषी ठरले. खटल्याचा कणा काय होता? फोनच्या नोंदी. आणि सीरिया? हिजबुल्लाचे नेते? त्यांच्याकडे खुनासाठी कारण असू शकेल, पण हिजबुल्लाच्या नेतृत्वाचा सहभाग होता असा पुरावा नाही आणि सीरियाविरुद्ध थेट पुरावा नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. अय्याशवर हावी यांच्या खुनाचा आणि आणखी दोन हल्ल्यांचा दुसरा खटला २०२१ मध्ये उभा राहणार होता. तो पैसे संपले म्हणून रद्द झाला! २०२३ अखेर न्यायालयच बंद झालं.

एका बाजूनं पाहिलं तर हे न्यायालय म्हणजेही परकीय हस्तक्षेपच ना? लेबनॉनच्या सभापतींनी संसदच बोलावली नाही म्हणून सुरक्षा परिषदेनं ते परस्पर लादलं होतं. आणि निम्म्या देशाला ते कधीच आपलं वाटलं नाही. खुनी बाहेरच्या आधारावर, तपास बाहेरच्या आधारावर, न्यायालयसुद्धा बाहेर. मधे जे लागतं, म्हणजे वॉरंट घेऊन दार ठोठावणारा आणि ज्याला दार उघडावंच लागतं असा साधा फौजदार, तेवढाच नव्हता. ईदच्या रूपानं तसा एक होता, पण त्याच्या पाठीमागे उभं राहायला राज्य नव्हतं.

रफिक हरीरींचा मुलगा साद २००९ मध्ये पंतप्रधान झाला आणि त्याच डिसेंबरात दमास्कसला जाऊन बशर अल असद यांना भेटून आला. सीरियावर आरोप करण्यात आपली चूक झाली असं २०१० मध्ये त्यानं जाहीरपणे सांगितलं. बत्तीस वर्षांपूर्वी वलीद जुम्बलात गेला होता तोच रस्ता. २०११ मध्ये याच खटल्याच्या वादावरून त्याचं सरकार पडलं. २०१७ मध्ये पुन्हा पंतप्रधान असताना त्यानं अचानक राजीनामा जाहीर केला, तो बैरूतहून नव्हे, थेट सौदीच्या रियाधमधून! काही आठवड्यांनी मागेही घेतला.

८ डिसेंबर २०२४ ला असद यांची राजवट कोसळली. मार्च २०२५ मध्ये सीरियाच्या नव्या सरकारनं इब्राहिम हुवैजा नावाच्या जुन्या गुप्तचर प्रमुखाला पकडलं. त्याच्यावरच्या आरोपांत १९७७ चा कमाल जुम्बलात यांचा खून आहे. अठ्ठेचाळीस वर्षांनी! यातून आशा घ्यायची का निराशा, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला एवढंच दिसतं की पुरावा नवीन सापडला म्हणून हे झालं नाही. संरक्षण देणारी सत्ता पडली म्हणून झालं.

आपल्या धंद्यात आपल्याला वाटतं की डेटा स्वच्छ असला आणि क्वेरी बरोबर असली की उत्तर मिळालं, काम संपलं. विसाम ईदची क्वेरी बरोबर होती. बारा वर्षांनी न्यायाधीशांनीही त्या पद्धतीनं काढलेलं उत्तर मान्य केलं. त्याच्या स्वतःच्या खुनासाठी मात्र आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.